पहिल्या रकान्यातलं चौथं कार्ड

कोपर, डोंबिवली (प.)
२ जुलै

रसिका,

मायना काय लिहावा ते ठरत नव्हतं. चि. सौ. लिहायची हाताला सवय आहे. सौ. आता लिहिता येत नाही आणि नुसतं चि. लिहिलं की पुढे काहीतरी राहून गेल्यासारखं दिसतं. म्हणून नावच लिहिलं आहे.

कामाचं पत्र आहे. दहावीचा आवर्ती वर्गीकरणाचा धडा या महिन्यात घ्यायचा आहे. कपाटातून आपली कार्डांची पेटी काढली आणि जमिनीवर सगळी कार्डं मांडून पाहिली. पहिल्या रकान्यातलं चौथं कार्ड नाही. मऊ धातू, पाण्यात टाकला की पेट घेतो, ते. रुबिडियमचं. गेल्या वर्षी एखाद्या बाकाखाली राहिलं असेल. वर्ग झाडणाऱ्या शकूला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, पुठ्ठा दिसला की मी कोपऱ्यात ठेवते, टाकत नाही." कोपऱ्यात नव्हतं.

त्या कार्डावर काय काय लिहिलं होतं ते तुझ्याकडे असेल. मुलांनी पाठ केलेले आकडे चालू नयेत म्हणून वस्तुमानं तू तुझ्या हिशेबाने बदलली होतीस. तो हिशेब मला कधी नीट जमला नाही. तेवढं कळव.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. आमच्या इमारतीतल्या पत्रपेट्यांची कुलपं मोडली आहेत, कोणाचं पत्र कोणाला जातं कळत नाही.

मी ३१ जुलैला निवृत्त होते आहे. म्हणजे हा धडा शेवटचा. त्याचं विशेष काही नाही. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पाय दुखतात.

बाकी ठीक. मितेश बरा आहे.

जया सावंत


११ जुलै

रसिका,

तुझं पाकीट मिळालं. आत कार्ड होतं. आणखी काही असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. काही नव्हतं. वर 'श्रीमती जया सावंत, विज्ञान शिक्षिका' असं लिहिलं आहेस. शिपाई ते घेऊन वर्गात आला आणि म्हणाला, "मॅडम, पेन्शनचे कागद आले वाटतं." मी हो म्हटलं.

कार्ड चांगलं झालं आहे. फक्त ते पांढरं आहे. ड्रॉइंगच्या जाड कागदाचं, मागून कोरं. बाकीच्या कार्डांना मागून आपण खाकी कागद लावला होता, त्यामुळे हे त्यांच्यात उठून दिसतं. मुलांना काही वेगळं दिसलं की ती आधी तेच उचलतात. म्हणून ठरवलं, या वर्षी लपवायचं कार्ड हेच. एरवीही एक लपवावं लागतंच. बाकीची मुलांनी मांडायची, कुठे जागा मोकळी सोडावी लागते ते पाहायचं आणि बंद पाकिटात काय असेल ते सांगायचं. माझी चिंता मिटली.

पहिल्या वर्षीचं आठवतं का. नावं ओळखू येऊ नयेत म्हणून तू मूलद्रव्यांना स्टेशनांची नावं दिलीस. शहाड, आंबिवली, टिटवाळा. मुलांनी पुढचं काही न वाचता सगळी कार्डं कसाऱ्यापर्यंत ओळीत लावली आणि म्हणाली, झालं टीचर. तू रजा काढून आली होतीस, दारात उभी राहून हसत होतीस. मी चिडले होते. तास फुकट गेला असं म्हणाले. तू म्हणालीस, "फुकट कसा, आई? त्यांना क्रम सापडला की. फक्त तो आपणच ठेवलेला होता." मग आपण नावं खोडून अक्षरं लिहिली.

पाकीट उघडण्यावरून मात्र आपलं कधी जुळलं नाही. तुझं म्हणणं, काय निघालं तर आपण चुकलो हे मुलांनी आधी सांगायचं. ते सांगेपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही. मी घंटेच्या आधी उघडून मोकळी व्हायची. एवढ्याशा तासात मांडणी करायची, फळ्यावर लिहायचं, त्यात चुकण्याची अट कुठून आणू. तू वर्गात काही बोलायची नाहीस. घरी कणीक मळताना परत तोच विषय. मितेश म्हणायचा, "तुम्ही दोघी घरी पण शाळाच करता."

आमच्या मुख्याध्यापकांना जोड तास मागितला. ते म्हणाले, "मॅडम, आता जाता जाता कशाला त्रास घेता? सराव परीक्षा आहे. गाइडमधून वाचून घ्या." ते रागावून म्हणाले नाहीत. थकलेले असतात. दिवसभर ऑनलाइन माहिती भरतात.

तुमच्या घोडबंदरच्या शाळेत जोड तास मिळतो का. मिळत असावा.

मितेश बरा आहे. हे मागच्या पत्रातही लिहिलं होतं.

जया सावंत


१७ जुलै

रसिका,

पत्रपेट्यांची कुलपं मोडलेली नाहीत.

तुझ्याशी संबंध ठेवू नये असं मितेशने मला सांगितलं आहे. म्हणून शाळेचा पत्ता दिला. त्याचं लग्न ठरलं आहे. मुलगी कल्याणची, अक्षदा नाव, बँकेत असते. डिसेंबरात आहे. तुला बाहेरून कळण्याआधी मी सांगायला हवं होतं. दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत कार्डांबद्दल लिहीत बसले.

तो ओरडत नाही, तुला माहीत आहे. काल जेवताना म्हणाला, "आई, तू रसिकाला फोन करतेस?"

"नाही." ते खरं होतं.

"पण कॉन्टॅक्टमध्ये आहेस."

"पत्रं लिहिली. शाळेच्या कामाची."

"पत्रं." थोडा वेळ जेवला. "पत्रं आता कोण लिहितं? मी बोललेलो ना तुला. अक्षदाच्या घरी कळलं तर काय सांगू मी? सासू जुन्या सुनेला पत्रं पाठवते? ती आता आपली कोण लागते, तूच सांग ना."

मी त्याला आमटी वाढली.

नंतर भांडी आवरताना त्याच्या प्रश्नाला उत्तर शोधत होते. मेहुणा, भावजय, साडू, विहीण, सगळ्यांना शब्द आहेत. नवऱ्याच्या चुलतभावाच्या बायकोलाही आहे. मुलाने सोडलेल्या सुनेला नाही. तू त्याला सोडलंस असं तो म्हणतो. तरी शब्द नाहीच.

तो वाईट वागत नाही. त्याला परत सगळं नीट व्हायला हवं आहे आणि माझं पत्र मध्ये येतं. मलाही त्याचं सगळं नीट व्हायला हवं आहे.

३१ तारखेनंतर शाळेचा पत्ता राहणार नाही. मी घरचा दिला तर पत्र त्याच्या हाती पडेल. नाही दिला तर हे इथेच संपेल. मला सुचत नाही. तूच सांग.

जया सावंत


२४ जुलै

रसिका,

तुझं पत्र आलं. चारच वाक्यं, त्यामुळे पाठ झाली. 'मितेशला अभिनंदन कळवा. मला वाईट वाटलेलं नाही. तुम्ही आता लिहू नका, तुम्हालाच जड जाईल. माझं उत्तर येणार नाही.'

तुम्ही दोघं वेगळे झालात, तरी या एका बाबतीत तुमचं एकमत आहे.

तरीही लिहिते आहे. वर्गात आज जे झालं ते सांगायला मला दुसरं माणूस नाही. स्टाफरूममध्ये सांगितलं तर म्हणतील, मॅडम, आता सोडा.

चित्रकलेच्या सुदेश सरांनी त्यांचा तास मला दिला. जोड तास झाला. बाक मागे सारले, मुलं जमिनीवर बसली. पट आता निम्म्यावर आला आहे, एका पेटीभोवती सगळा वर्ग मावतो. मी पेटी ओतली. दमट हवेने डिंक सुटला होता. खाकी कागद मुलांच्या हातात सोलून यायला लागले.

खाली काय आहे ते तुला आठवत असेल. घरात उरलेल्या लग्नपत्रिका. एवढा जाड पुठ्ठा टाकवत नाही म्हणून मीच माळ्यावरून काढून दिल्या होत्या. तुझ्या लग्नाची, माझ्या भाच्याची, शेजारच्या सीताराम काकांच्या मुलीची. एका संध्याकाळी एक पत्रिका कापायची आणि तिच्यावर एक रकाना लिहायचा. कापलेल्या क्रमानेच लिहायचा. दुसऱ्या संध्याकाळी दुसरी. इतकी वर्षं ती पेटी वापरली, पण त्यात काय चूक झाली ते आपल्या दोघींच्या लक्षात आलं नाही.

सम्यक म्हणून एक मुलगा आहे. त्याने पहिलं कार्ड पालथं केलं.

"टीचर, ह्याच्यामागे लग्न आहे."

"माझ्यामागे पण आहे," दुसरा म्हणाला.

"तुझ्यामागे कोण लागणार, गप."

मग सगळ्यांनी कार्डं पालथी घातली. मी पुढची बाजू वाचा म्हणत होते, कोणी ऐकत नव्हतं. "ए, लाल बॉर्डरवाली इकडे टाक." "गणपतीचं सोंडेकडचं कोणाकडे आहे?" "हे जोडून बघ, शब्द पूर्ण होतोय." मी खुर्चीत बसले. म्हटलं होऊ दे, स्टेशनांचंच परत झालं.

थोड्या वेळात सम्यक म्हणाला, "टीचर, झालं."

त्यांनी कार्डं सुलटी केली. सगळे रकाने बरोबर होते. मऊ धातू एका खाली एक, वायू वेगळ्या रकान्यात, रकान्यातला क्रमही चुकलेला नाही. पत्रिका जोडली की तिचा रकाना आपोआप लागत होता.

"पुढून वाचायची गरजच नाही," सम्यक म्हणाला. "मागून लावा, पुढून येतंच. हा रूल आहे."

पहिला रकाना तुमच्या पत्रिकेचा आहे. मुलांनी तो परत पालथा करून मोठ्याने वाचला. पहिल्या कार्डावर कुलदैवतं. दुसऱ्यावर मितेशचं नाव. तिसऱ्यावर तुझं. चौथं नाही. पाचव्यावर 'आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं'. त्याला सगळे हसले.

"म्हणजे हॉलचं नाव आणि मुहूर्त गायब आहे," सम्यक म्हणाला. "पाकिटात तेच असणार, टीचर. लिहून घ्या."

मग एका मुलीने विचारलं, "सावंत म्हणजे तुमचेच ना टीचर? ही रसिका कोण?"

"ही पेटी जिने केली ती."

"म्हणजे तुमची सून?"

घंटा झाली. मी म्हटलं, कार्डं गोळा करा.

सगळी गेल्यावर प्रीती थांबली. ही मुलगी वर्षभरात चार वेळा बोलली असेल. ती म्हणाली, "टीचर, दोन रूल झाले. एक पुढचा, एक मागचा. दोन्हींनी सेम येतंय. मग खरा कुठला, ते कसं कळणार?"

मी म्हटलं, पुढच्या तासाला. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, पाकिटातलं कार्ड मागून कोरं आहे हे या वर्गात फक्त मला माहीत आहे. ते मी लपवलं होतं उठून दिसतं म्हणून. मनात दुसरं काही नव्हतं.

या वेळी तुझ्या पद्धतीने करते. आधी अट, मग पाकीट.

जया सावंत


३० जुलै

रसिका,

झालं.

काल फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे मागचा नियम, एकीकडे पुढचा. सम्यक आणि बरीचशी मुलं मागच्या बाजूला. प्रीती, आणि तिच्या शेजारी बसतात म्हणून आणखी तिघी, पुढच्या बाजूला. मी विचारलं, "काय निघालं तर तुमचं चुकलं?"

हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. मुलं वह्या चाळत बसली. मला वाटलं, माझी घाई बरी होती.

सम्यक म्हणाला, "मागे हॉलचं नाव नसेल तर आमचं गेलं. पण असणार."

प्रीतीने वहीत आकडे मांडले होते. रकान्यात खाली जाताना वितळणांक कसे उतरत येतात ते बाण काढून दाखवलं. "मऊ धातू असणार. वरच्यापेक्षा लवकर वितळणार. चाळीसच्या जवळ. पन्नासच्या वर निघाला तर आमचं गेलं."

"चाळीस म्हणजे मे महिन्यात आपल्या वर्गातच वितळेल."

"पंख्याखाली ठेवू त्याला."

"पंखा चालू असेल तर ना."

मी पाकीट प्रीतीच्या हातात दिलं. तिने कार्ड काढून पुढची बाजू वाचली. मऊ धातू. पाण्यात पेट घेतो. वितळणांक एकोणचाळीस. तिच्या बाजूच्या तिघींनी टाळ्या वाजवल्या.

"आता पलट," सम्यक म्हणाला.

तिने कार्ड पालथं केलं. दोन्ही बाजूंनी दाखवलं. मग परत दाखवलं.

"चीटिंग आहे, टीचर," सम्यक म्हणाला. "हे नवीन आहे. हे लग्नातलं नाहीच."

"नाही," मी म्हटलं.

"मग ह्या लाइनीत कसं काय?"

प्रीती म्हणाली, "अरे, पुढून वाच ना. वरच्यासारखं आहे, खालच्यासारखं आहे. लग्नातलं नाही म्हणून काय झालं? जागा त्याचीच आहे."

तिने ते मोकळ्या जागेत ठेवलं. जुन्या कार्डांमध्ये एक पांढरं. वर्गाला ते लगेच पटलं. मला थोडा वेळ लागला. मी फळ्याकडे वळून उभी राहिले, पुसायचं होतं असं दाखवून.

सम्यक मात्र सोडत नव्हता, आणि त्याचा प्रश्न बरोबर होता. "टीचर, आमचा रूल चुकला, मान्य. पण बाकी सगळी कार्डं मागून बरोबर लागली. ते कसं?"

"कारण एका पत्रिकेवर एकच रकाना लिहिला होता. पत्रिका आम्ही कापल्या. तुम्हाला जो क्रम सापडला तो आम्ही ठेवलेला होता."

"म्हणजे मिस्टेक तुमची."

"हो. आमच्या दोघींची."

"दोघी कोण?"

"मी आणि रसिका. आमची रसिका. ठाण्याला विज्ञान शिकवते. हे पांढरं कार्ड तिनेच पाठवलं आहे."

कोणी पुढे विचारलं नाही. त्यांना तेवढं पुरलं.

संध्याकाळी मितेश पत्रिकांचे नमुने घेऊन आला. टेबलावर पसरले. चांगला बोलत होता. म्हणाला, "आई, पन्नासेक जास्त छापतो. तुझ्या त्या कार्डांच्या पेटीला होतील."

"नको. ड्रॉइंगचा कागद आणला आहे."

"हे फुकट मिळतंय ना."

"मितेश, रसिकाला मी पत्र लिहिणार आहे. लपवून नाही. घरचा पत्ता देणार आहे."

त्याने नमुने गोळा केले. एक एक, कडा जुळवून. "अक्षदाला काय सांगू?"

"मी सांगते. या रविवारी येऊ दे तिला. आधी कळलेलं बरं."

"आणि ती नको म्हणाली तर?"

"तिला नको असेल तर तिला दाखवणार नाही. लिहिणार मात्र आहे."

"म्हणजे तू ऐकणार नाहीस."

"या बाबतीत नाही."

तेव्हापासून बोललेला नाही. आज सकाळी डबा मात्र नेला. भाजी त्याच्या आवडीची नव्हती.

जया सावंत


३१ जुलै

चि. रसिका,

आज शाल, नारळ, भाषणं. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडमनी शेवटपर्यंत प्रयोगशील वृत्ती जपली. त्यांच्या हातात कागद होता, तो त्यांनी पूर्ण वाचला. सम्यकने माझी पिशवी तीन मजले उतरवून रिक्षापर्यंत आणली आणि म्हणाला, "टीचर, पुढच्या वर्षीच्या पोरांना मागची बाजू सांगू नका. त्यांना पण फसू दे."

पुढच्या वर्षी मी नाही, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

पेटी घरी आणली आहे. तसं विचारून आणली. नवीन करून परत द्यायची आहे. या वेळी सगळी कार्डं पांढऱ्या कागदाची. एक तयार आहे. बाकीच्यांसाठी वस्तुमानांचा तुझा हिशेब लागेल, तो मला एकटीला जमणार नाही.

पत्ता तोच आहे. पत्रपेटीला कुलूप आहे आणि किल्ली आता माझ्याकडे असते.

तुझं उत्तर येणार नाही असं तू लिहिलं आहेस. मला वाटतं येईल. पण तुझ्या पद्धतीप्रमाणे अट आधीच सांगून ठेवते. दिवाळीपर्यंत पेटीत काही पडलं नाही, तर माझं गेलं.

जया